रसद वाहणारे हात आणि मताचा अधिकार

युद्धाची कथा सांगणारे बहुधा तोफा-बंदुकांचीच कथा सांगतात. ज्याने तोफेस गोळा पुरविला, रणगाड्यास पेट्रोल आणि शिपायास अन्न पोहोचविले, त्याची आठवण क्वचितच निघते. शस्त्र चालविणे थोर व ओझे वाहणे हलके, ही उतरंड कोठून आली? ते काम कोणाच्या माथी मारले गेले, हे पाहिले म्हणजे उत्तर सापडते. अमेरिकेतील मेडगर एव्हर्स या शिपायाचे चरित्र या दृष्टीने प्रत्येक घरात सांगितले जावे, असे आम्हांस वाटते.

मेडगर यांचा जन्म २ जुलै १९२५ रोजी मिसिसिपी राज्यातील डेकॅटर गावी झाला. १९४३ साली ते सैन्यात गेले. त्या काळी अमेरिकन सैन्यात गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या तुकड्या निराळ्या असत. कृष्णवर्णीय मनुष्य लढाईस लायक नाही, असा ग्रह वरिष्ठांनी करून घेतला होता. म्हणून त्यांतील बहुसंख्यांस गोदी, कोठारे, रस्ते व मालमोटारी यांच्या कामास जुंपण्यात येई. मेडगर यांच्या वाट्याला ३२५ वी बंदर कंपनी आली. इंग्लंडमध्ये व पुढे फ्रान्समध्ये त्यांनी ही रसदेची चाकरी केली.

हे काम हलके होते काय? १९४४ च्या ऑगस्टमध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे सरकल्या की त्यांची रसद मागे पडली. रेल्वेमार्ग बॉम्बफेकीने आधीच उद्ध्वस्त झाले होते. तेव्हा २५ ऑगस्ट रोजी 'रेड बॉल एक्सप्रेस' ही मालमोटारींची साखळी सुरू झाली. २९ ऑगस्टच्या एका दिवसात ५,९५८ गाड्यांनी १२,००० टनांहून अधिक माल पोहोचविला. तिचे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते. १६ नोव्हेंबरपर्यंत ही वाहतूक रात्रंदिवस चालली. ती थांबती तर पुढचे रणगाडे जागच्या जागी लोखंडाचे ढिगारे होऊन बसते.

युद्ध जिंकून मेडगर १९४६ साली घरी परतले. त्याच वर्षी, एकविसाव्या वाढदिवशी, आपले बंधू चार्ल्स व काही मित्र यांच्यासह ते मतदानास गेले. चार्ल्सदेखील युद्धावरून परतलेले शिपाई होते. सशस्त्र गोऱ्या जमावाने त्यांस अडवून परत पाठविले. हिटलरच्या जुलमापासून युरोप सोडविणाऱ्यास स्वतःच्या गावात मतपेटीपर्यंत जाता आले नाही!

कोणी म्हणेल, मग ती सेवा फुकटच गेली. आम्हांस तसे वाटत नाही. सेवेच्या मोबदल्यात धनी आपण होऊन हक्क देईल, ही आशा मात्र खोटी ठरली. सेवेने मेडगर यांस स्वतःचे मोल कळले, आणि ते मोल वसूल करावयास संघटना लागते हेही कळले. त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण पुरे केले. १९५४ साली ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे मिसिसिपीतील क्षेत्रसचिव झाले आणि गावोगाव मतदार नोंदवीत फिरले. १२ जून १९६३ रोजी स्वतःच्या घराच्या दारात त्यांस गोळी घालण्यात आली. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचे दफन झाले. मतदानाच्या हक्काचा कायदा १९६५ साली झाला. खुन्यास शिक्षा व्हावयास १९९४ साल उजाडले.

मेडगर यांस मतदानापासून अडविले गेले त्याच जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांस पत्र लिहिले होते. अस्पृश्य व कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य त्यांनी दाखविले आणि संयुक्त राष्ट्रांपुढे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागविल्या. दूरच्या या झगड्याशी आपले नाते इतके जुने आहे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पेटीच्या तळाशी एखाद्या आजोबांचा लष्करी दाखला वा बिल्ला पडलेला असेल. तो बाहेर काढा. आजोबा लढले की ओझी वाहिली, याचा संकोच न धरता मुलांस सांगा. आणि त्याच दिवशी घरातील प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाचे नाव मतदारयादीत आहे की नाही, हेही पाहा.