काहीही चालेल!

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, अशा दोघीच कधी हॉटेलात जेवलो नव्हतो. घरचे सगळे मिळून जातो, नाही असं नाही. पण तेव्हा मेनूकार्ड भाऊजींच्या नाहीतर यांच्या हातात. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारतात आणि आपण म्हणतो, ‘काहीही चालेल.’ मैत्रिणींनो, हे ‘काहीही चालेल’ आपण आजवर किती वेळा म्हटलं असेल!

परवा अक्कांचे डोळे दाखवायला कोल्हापूरला गेलो होतो. दवाखान्यातून सुटायला दीड वाजला. समोरच एक नवीन थाई हॉटेल उघडलेलं. अक्का म्हणाल्या, “स्टँडवर वडापाव खाऊ की.” पण मलाच जायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर दिसत होतं, त्यामुळे कार्ड वाचायचं काम माझ्याकडे आलं. किमती मी मोठ्याने वाचल्याच नाहीत.

आता खरी अडचण. अक्का माळकरी. पोऱ्या म्हणाला, “सगळं व्हेज मिळतं, मॅडम.” ‘व्हेज’ म्हणजे काय, हे थाई स्वयंपाकाच्या बाबतीत नीट विचारून घ्यावं लागतं. तिकडे आपल्या मिठासारखं रोज वापरतात ते ‘नाम प्ला’, म्हणजे खारवून मुरवलेल्या मासळीचं पाणी. करीच्या वाटणात बहुतेक वेळा ‘कापी’ असते, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. वरून भाज्याच दिसतात, पण वाटणात काय गेलंय ते कसं कळणार? मी पोऱ्याला म्हटलं, “आत जाऊन आचाऱ्याला विचारून ये.” अक्का मला टेबलाखालून चिमटा काढतायत. “अगं, कशाला? लोक बघतायत.”

बघू देत! मंडईत मेथीची एक जुडी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो. इथे पैसे मोजून, टेबलाशी बसून, एक प्रश्न विचारायची लाज का वाटावी? आणि नवरा सोबत असता तर त्याने विचारलेलं कुणाला खटकलंही नसतं.

आचारी स्वतःच बाहेर आला. भला माणूस. हिरव्या करीचं वाटण डब्यातलं आहे, त्यात कोळंबी आहे, ते घेऊ नका, असं त्याने सरळ सांगितलं. अळिंबीचं तोम यम वेगळ्या भांड्यात करून देतो म्हणाला आणि कच्च्या पपईची कोशिंबीर नुसतं मीठ घालून. अक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढं कुणी त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळं रांधलंय, असं मला तरी आठवत नाही. उपासाच्या दिवशीसुद्धा स्वतःची भगर त्या स्वतःच करतात, तीही सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर.

तोम यम म्हणजे आंबट-तिखट, झणझणीत सूप. कोळंबी घातलेल्या मूळ प्रकाराचं नाव २०२४ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यात गवती चहाचे तुकडे, लिंबाची पानं आणि आल्यासारख्या एका मुळीच्या चकत्या. अक्कांनी एक चकती चावून बघितली आणि म्हणाल्या, “हे कोष्टकोळिंजन गं! घसा बसला की आई द्यायची.” आणि खरंच की, त्याच जातीचं! हे तुकडे खायचे नसतात, कढीपत्त्यासारखे बाजूला काढायचे असतात. अक्कांनी मात्र चावून चावून खाल्ले.

पपईची कोशिंबीर खलबत्त्यात ठेचतात. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, लिंबू, थोडा ताडगूळ. आपल्या परसातली सगळी मंडळी, नुसती बसायची जागा बदललेली. काट्याचमच्याचंही दडपण नको. थाई लोक चमच्यानेच जेवतात, काटा फक्त घास चमच्यात लोटायला. चॉपस्टिक्स मुख्यतः नूडल्ससाठी.

मी अक्कांना सांगितलं, तिकडेही साधारण आपल्या नवरात्राच्या सुमाराला नऊ दिवस कडक शाकाहाराचा उत्सव असतो, फुकेतचा तर प्रसिद्धच आहे. त्यात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. “मग ते माळकरीच की,” अक्का म्हणाल्या आणि उरलेलं सूप वाटी तोंडाला लावून संपवलं.

मधे दोनदा घरून फोन. एकदा आमटी कुठल्या पातेल्यात आहे म्हणून आणि एकदा पापड कुठे आहेत म्हणून. दुसऱ्यांदा अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला. “शोधा, सापडेल. आम्ही जेवतोय,” म्हणाल्या आणि ठेवून दिला. मी नुसती बघत राहिले.

बिल साडेआठशे झालं. बसमध्ये बसल्यावर खरा आकडा सांगितला. अक्का जरा गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “घरी पाचशे सांगू.” तपासणीला पुन्हा महिन्याने बोलावलंय. तारीख त्यांनी आत्तापर्यंत दोनदा विचारलीये.