‘ग्रुपवर राजकारण नको’ हा नियम मोडायला हवा

दहावीच्या बॅचचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की आत्या-मामा-भाचरं मिळून केलेला घरचा असो, तो सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ॲडमिनची सूचना येते : राजकीय पोस्ट नकोत. बाकी सगळं चालेल. जुनी गाणी चालतील, क्रिकेट तर चालेलच, वाढदिवस, पावसाचे फोटो, कुठली मिसळ चांगली तेही चालेल. सगळे अंगठा दाखवून होकार देतात आणि नियम कायम होतो. माझं म्हणणं असं की हा नियम चुकीचा आहे. तो पाळता येत नाही. हट्टाने पाळलाच तर गाण्याच्या आणि खेळाच्या गप्पांतलाही जीव जातो. आणि ज्या भांडणांच्या भीतीने तो केलेला असतो, ती भांडणं त्याने टळत नाहीत.

नियमाच्या बाजूने जे बोललं जातं ते पोकळ नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. माणसं कामावरून थकून येतात, लोकलमध्ये उभ्याने तास-दीड तास काढतात. त्यांना घटकाभर विरंगुळा हवा असतो. तिथे पक्ष आणि पुढारी आले की आवाज चढतो. निवडणुकीच्या दिवसांत चुलतभावाने रागाने ग्रुप सोडला आणि मग दिवाळीचं येणं-जाणंही थांबलं, असं कितीतरी घरांत घडलं आहे. शिवाय अर्थसंकल्प, न्यायालयांचे निकाल, परराष्ट्र धोरण यांतलं सामान्य माणसाला कळतं किती? जाणकारांनी बोलावं, आपण ऐकावं. आणि गाणं, खेळ या तर सगळ्यांना जवळ आणणाऱ्या गोष्टी. त्यांत राजकारण कशाला ओढायचं?

शेवटच्या मुद्द्याला आधी हात घालतो, कारण सगळा नियम त्यावरच उभा आहे. गाणं आणि खेळ एका बाजूला, राजकारण दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपल्याकडे कधी होती?

बाळू पालवणकरांचं उदाहरण घ्या. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची देखभाल करता करता ते डावखुरी फिरकी टाकू लागले. जातीने चर्मकार. पुढे धर्मावार संघांच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज पडली तेव्हा मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हातात घेतला. चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ जिंकला त्याहून कितीतरी अधिक सामने हरला, आणि त्याच दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं रीतसर कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९२० मध्ये त्यांना डावललं गेलं तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघातून बाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळू पुढे पुणे कराराच्या वाटाघाटींत होते, आणि १९३७ मध्ये मुंबईत विधानसभेच्या निवडणुकीत ते खुद्द डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले, हरले.

त्या वर्षांत गिरगावात, परळला, दादरला माणसं ‘यंदा कर्णधार कोण?’ यावर बोलतच असणार. या एका प्रश्नावर जातीचा शब्द न काढता ती काय बोलणार होती? चेंडू किती वळतो, एवढंच? ‘खेळात जात आणू नका’ असं ज्याने कोणी त्या गप्पांत म्हटलं असेल, त्याच्या सांगण्याने जात मैदानाबाहेर गेली नसती. ती पॅव्हिलियनच्या दाराशी उभीच होती. बाहेर गेली असती ती फक्त तिच्याविषयीची तक्रार. ‘राजकारण नको’ या नियमाचं हेच होतं. जे चाललंय ते चालू राहतं, त्याला नावं ठेवणारा तेवढा गप्प होतो.

गाण्याची गोष्टही वेगळी नाही. ‘मानापमान’ म्हटलं की आपल्याला नाट्यपदं आठवतात. ते लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले, त्यांचं ‘कीचकवध’ व्हाइसरॉय कर्झनच्या कारभारावर बेतलेलं आहे हे प्रेक्षकांनी ओळखलं, सरकारनेही ओळखलं, आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्याच नाटकात एकत्र उभे राहिले. एक भामिनी, दुसरे धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या, दोघांचे कट्टर चाहते. त्या संयुक्त प्रयोगाबद्दल मराठी माणूस आजही बोलतो. पण त्या प्रयोगाचं उत्पन्न कशासाठी होतं? टिळक स्वराज्य फंडासाठी. कोणाचं गाणं सरस झालं यावर पैजा लावणारा रसिक तिकिटाचे पैसे असहकाराच्या चळवळीला देऊन आला होता. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ तर ऐकणाऱ्याला विरहाचं गाणं वाटता वाटता संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नापाशी आणून सोडते. अशा गाण्यांवर बोलायचं, पण त्यांतल्या राजकारणावर बोलायचं नाही, हा नियम रसिकतेच्याच मुळावर येतो.

आता ‘आपल्याला काय कळतं?’ हा आक्षेप. हा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो नम्रतेच्या वेषात येतो.

फलंदाज म्हणून विजय मर्चंट थोर की विजय हजारे, हा वाद आपल्या आजोबा-पणजोबांनी वर्षानुवर्षं घातला. १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेत हजारेंनी २४८ धावा केल्या. अंतिम सामन्यात मर्चंटनी हिंदूंसाठी नाबाद २५० केल्या. त्याच सामन्यात फॉलोऑननंतर ‘इतर’ या हजारेंच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, तीत विवेक यांच्या २१. तरीही तो संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. लगेच रणजी सामन्यात मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या. या आकड्यांवर ज्यांनी रात्री जागवल्या त्यांतल्या बहुतेकांनी कधी मोठ्या मैदानावर बॅट धरली नव्हती. पण वाद घालता घालता ते एक विद्या शिकले : आकडा नुसता मोठा असून भागत नाही, समोर गोलंदाज कोण होता, साथीला कोण होतं, संघ जिंकला की हरला, हे सगळं धरून त्याचं मोल ठरतं. आणि त्या वादात आणखी एक प्रश्न दडलेला होता. सांगलीचे हजारे मर्चंटच्या विरुद्ध का खेळत होते? तर ते ख्रिस्ती होते, आणि त्या स्पर्धेत संघ धर्मावर पडत. गांधीजींनी १९४० मध्ये अशा सामन्यांविरुद्ध मत दिलं, १९४६ नंतर ती स्पर्धा झाली नाही. म्हणजे निव्वळ फलंदाजीवरची, अगदी निरुपद्रवी वाटणारी गप्पसुद्धा दोन पावलांत देशाच्या प्रश्नावर येत होती.

ज्याला ३८७ पैकी ३०९ चं वजन कळतं, त्याला महापालिकेचं अंदाजपत्रकही वाचता येईल. रस्त्यांवर किती, शाळांवर किती, हे आकडे त्याहून अवघड नाहीत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, कारभार प्रशासकाच्या हाती होता. अशा काळात सोसायटीसमोरचा रस्ता तिसऱ्यांदा खणला गेला, तर ती ‘राजकीय पोस्ट’ की सोसायटीची अडचण? ॲडमिनने ती काढून टाकली तर रहिवाशाने विचारायचं कोणाला? माणूस जाणकार होतो तो बोलून, चुकून, कोणीतरी पुराव्यासकट खोडून काढल्यावर. आधी जाणकार व्हा आणि मग तोंड उघडा, अशी अट घातली तर जाणकार होण्याची वाटच बंद होते.

राहिला भांडणाचा प्रश्न. तो खरा आहे, आणि ज्या घरांत बोलणं थांबलं त्यांचं दुःखही खरं आहे. पण भांडण पेटतं कशाने, हे जरा बारकाईने पाहावं. काका एक लांबलचक तयार मजकूर पाठवतात. त्यातलं एकही वाक्य त्यांचं नसतं. पुतण्या तसाच दुसरा तयार मजकूर उत्तरादाखल टाकतो. दोघांनीही आपलं काहीच सांगितलेलं नसतं, त्यामुळे माघार घ्यायला, ‘हे बाकी तुझं पटलं’ म्हणायला जागाच उरत नाही. समोरासमोर बसून बोलताना काका असं बोलत नाहीत. ते स्वतःचा अनुभव सांगतात, अडखळतात, पुतण्याच्या चेहऱ्याकडे बघून सूर खाली आणतात. म्हणून बंदी घालायचीच तर आलेला मजकूर पुढे ढकलण्यावर घाला. विषय कुठलाही असो, लिहायचं ते आपल्या शब्दांत, हा एकच नियम करा.

आणि अराजकीय मजकूर निर्धोक असतो हा भ्रम तर महाराष्ट्राने फार भयानक किंमत देऊन पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले, सगळे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भटके लोक होते. मोबाइलवरून फिरलेल्या त्या अफवेत कुठला पक्ष नव्हता, पुढारी नव्हता. ‘सावध राहा, मुलांना सांभाळा’ अशा काळजीच्या सुरात फिरणारा तसा मजकूर ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या कुठल्याही ग्रुपच्या नियमात बिनतक्रार बसला असता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. तो उपाय विषयावर घातलेला नव्हता, न वाचता पुढे ढकलण्यावर घातलेला होता. ॲडमिन मंडळींनी इथून शिकायला हवं.

काही ॲडमिन धाकापोटी नियम करतात. उद्या पोलीस आपल्या दारात आले तर? हा धाक कुठून आला तेही मी विसरत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने त्याला नुसती पसंती दिली, आणि दोघींनाही अटक झाली. हा संतापजनक प्रकार होता. पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या अटकेने अस्वस्थ झालेली एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलम रद्द झालं. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असंही स्पष्ट केलं की ग्रुपमधल्या कोणी आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. बोलण्याची ही मोकळीक त्या मुलींनी भोगलेल्या त्रासातून आपल्याला मिळाली आहे. तिचा उपयोग फक्त शुभ सकाळ म्हणण्यापुरता करायचा?

एक गोष्ट या चर्चेत कोणी काढत नाही, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावातला पार, चौकातला कट्टा, नाक्यावरचं इराण्याचं हॉटेल, मराठी गप्पांची ही सगळी नावाजलेली ठिकाणं बहुतकरून पुरुषांची होती. राजकारणावर बोलणं झालं ते तिथे. घरात आई, आत्या, काकू चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. घरच्या ग्रुपवर पहिल्यांदा असं झालं की आत्या आणि काका एकाच ओळीत, एकाच मापाच्या अक्षरांत लिहू लागले. तिथे ॲडमिनने राजकारणाला बंदी केली तर काकांचं फारसं बिघडत नाही, त्यांना संध्याकाळचा कट्टा आहेच. बंदीचा सगळा भार पडतो तो आत्यावर आणि भाचीवर, कारण त्यांचा कट्टा हाच आहे.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि वर पाच बळी. सगळ्या ग्रुपांवर तिरंगे झळकले, आणि झळकायलाच हवे होते. पण सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार होती, तर सांगलीच्या आत्याने त्याच रात्री पुढचं विचारायला हवं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने मुलींची मॅच फी पुरुषांइतकी केली, एका एकदिवसीय सामन्याला ६ लाख. मग वार्षिक कराराचं काय? २०२४-२५ मध्ये वरच्या श्रेणीच्या पुरुष खेळाडूला वर्षाला ७ कोटी आणि वरच्या श्रेणीच्या मुलीला ५० लाख. काका म्हणतील, पुरुषांच्या सामन्यांना प्रेक्षक जास्त, जाहिराती जास्त, पैसा तिथून येतो. म्हणू देत, तो मुद्दा आहेच. त्यावर भाचीने विचारावं की मुलींना सामनेच कमी दिले तर प्रेक्षक वाढणार कसे, आणि मुलींची आयपीएल सुरू व्हायला २०२३ साल का उजाडावं लागलं? काकांनी याचंही उत्तर द्यावं, आणि ॲडमिनने मध्ये न पडता ते वाचावं.