भरतीनंतरच्या तंदुरुस्तीचे काय?

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १९४४ मध्ये झालेल्या स्फोटात ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. ज्वाळा, धूर आणि कोसळणाऱ्या भिंती हेच या नोकरीतले धोके, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील आकडे मात्र वेगळे सांगतात. तिथे १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या अग्निशामकांपैकी (९/११चे बळी वगळून) सुमारे ३९ टक्के हृदयविकाराने दगावले. त्यातले जवळपास एक तृतीयांश प्रत्यक्ष आग विझवताना गेले. या कामात त्यांच्या ड्युटीचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो.

याचे कारण शरीरावर अचानक पडणाऱ्या ताणात आहे. पोशाख, हेल्मेट, बूट आणि पाठीवरचे श्वसनयंत्र मिळून २० किलोहून अधिक वजन होते. जाड पोशाखामुळे घाम वाळत नाही, शरीर तापते, पाणी कमी होते आणि नाडी कमाल मर्यादेजवळ पोहोचते. ज्याची हृदय-फुप्फुसांची क्षमता चांगली, त्याला त्याच जिन्यासाठी कमी दम लागतो. त्याच्या सिलिंडरमधली हवाही जास्त वेळ पुरते. म्हणजे आत अडकलेल्यांना शोधायला अधिक वेळ मिळतो. पाण्याने भरलेला होज ओढायला आणि बेशुद्ध माणसाला बाहेर काढायला ताकदही तितकीच हवी.

म्हणूनच अमेरिकेतील अनेक दले भरतीच्या वेळी सुमारे २३ किलोचे जॅकेट घालून आठ कामे १० मिनिटे २० सेकंदांत करून घेतात. आपल्याकडेही भरतीत मैदानी चाचणी असते. पण विशीत दिलेल्या चाचणीवर पंचेचाळिशीतल्या हृदयाचा भरवसा कसा धरायचा? मधल्या वर्षांत रात्रपाळी, अर्धवट झोप, अवेळी जेवण आणि वाढलेला रक्तदाब यांची भर पडलेली असते.

उपाय अवघड नाहीत. दरवर्षी हृदयाची तपासणी, ड्युटीच्या वेळातच व्यायाम, आणि आगीवरून परतल्यावर सक्तीची विश्रांती व पाणी. चाचणीत मागे पडलेल्याची नोकरी धोक्यात येणार असेल, तर तो आजार लपवेल. त्याला उपचार आणि सरावासाठी मुदत मिळाली पाहिजे. अपुरे मनुष्यबळ मात्र तंदुरुस्तीने भरून निघत नाही. चौघांचे काम दोघांवर टाकले, तर धडधाकट हृदयही थकते.