‘कुठेही ठेवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

“खंयय ठेवा, आवाज तोच येतलो. स्पीकर भारी असलो म्हणजे झाला.” मालवणातल्या एका घरगुती बैठकीत एका गृहस्थांनी हा निकाल दिला आणि भोवतालच्यांनी माना डोलावल्या. गृहस्थांचे अर्धे आयुष्य जत्रेत आणि लग्नात साउंड लावण्यात गेले आहे, गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि म्हणूनच हे मत तसेच सोडून देता येत नाही. चाकरमानी चतुर्थीला मुंबईहून चांगले फुल रेंज स्पीकर घेऊन येतो आणि यांच्या सल्ल्याने एक शोकेसवर चढवतो, दुसरा खिडकीशेजारच्या कोपऱ्यात कोंबतो. पैसे दोन स्पीकरचे जातात, ऐकू येतो एक.

त्यांची बाजू थोडक्यात सांगतो. आपले गाणे एका गायकाचे. पाश्चात्त्यांसारखी शंभर वादकांची फौज नाही, मग डावे-उजवे हवे कशाला? शिवाय कोकणातली चिऱ्याची घरे असल्या नाजूक प्रकारासाठी बांधलेलीच नाहीत. कोपऱ्यात बास वाढतो, तर कोपरा वाईट कसा? आणि शेवटी, आवाजाची जागा वगैरे हे सगळे विकणाऱ्यांनी काढलेले खूळ.

खुळाचा मुद्दा आधी निकालात काढू. स्टिरिओचे मूळ पेटंट ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने डिसेंबर 1931 मध्ये दाखल केले आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळायला 1958 उजाडले. विकणारे पाव शतकानंतर आले.

आता ‘एका गायकाचे गाणे’. सगळ्यांत पटण्यासारखा आणि सगळ्यांत चुकीचा मुद्दा हाच आहे. दोन स्पीकरमधून एकच आवाज, एकाच क्षणी, सारख्याच जोराने कानांवर आला, तर मेंदूला तो दोन्ही स्पीकरच्या मधून आल्यासारखा वाटतो. तिथे प्रत्यक्षात काहीच नसते, पण गायक तिथे बसलेला ऐकू येतो. हे साधण्यासाठी ऐकणाऱ्यापासून दोन्ही स्पीकरची अंतरे सारखी लागतात. आपल्याकडच्या तीस अंश उष्म्यात आवाज सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात 35 सेंटिमीटर. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा एवढ्याने, म्हणजे फुटापेक्षा थोडा जास्त, जवळ आला की गायक मधली जागा सोडून पूर्ण त्या स्पीकरवर जाऊन बसतो. दुसरा स्पीकर मग फक्त गोंगाटात भर घालतो. शोकेस आणि खिडकी यांच्यात फुटाचाच फरक असलेले घर मला दाखवा.

म्हणून एकटा गायक ही स्पीकरच्या जागेची सर्वांत कठीण परीक्षा आहे. शंभर वाद्ये वाजत असताना चार इकडची तिकडे झाली तर कळणारही नाही. एक गळा हलला तर लगेच कळते. 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे बालगंधर्व घ्या. ध्वनिमुद्रण मोनो, दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच. स्पीकर नीट असतील तर तो आवाज मधोमध, माणसाच्या तोंडाएवढ्या जागेतून येतो; तान वर गेली तरी जागा सोडत नाही. स्पीकर वेडेवाकडे असतील तर तोच गळा भिंतभर पसरतो, खालचे स्वर एकीकडून आणि वरचे दुसरीकडून येतात. ज्यांना हा फरक मामुली वाटतो, त्यांनी बालगंधर्व ऐकले असे म्हणू नये.

मैफलीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात तर एकटा गायक एकटा नसतोच. एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी, मागे तानपुरे. पेटीवाला गायकाच्या मागोमाग चालतो. गायकाने घेतलेली जागा तो क्षणभराने वाजवून दाखवतो. दोघे दोन जागांवरून ऐकू आले तरच हा पाठलाग कानाला लागतो. एकाच ढिगातून आले की पेटी शब्दांवर बसते, आणि मग ‘जुन्या रेकॉर्डिंगमध्ये शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. शब्द तिथेच आहेत. ते तुम्ही शोकेसवर ठेवून दिले आहेत.

फुल रेंज स्पीकरच्या बाबतीत हा गुन्हा दुप्पट होतो. यात सगळे स्वर एकाच शंकूतून येतात. खालच्या आणि वरच्या स्वरांची दोन युनिटांत वाटणी नसते. म्हणून गळा अखंड, एका बिंदूतून आल्यासारखा लागतो. पण त्याच शंकूतून वरचे सूर निघताना टॉर्चच्या झोतासारखे समोरच्या अरुंद पट्ट्यात जातात. झांजेची किणकिण, ‘स’ आणि ‘श’ची धार त्या पट्ट्यातच असते. सात फूट उंच शोकेसवरून हा झोत ऐकणाऱ्यांच्या डोक्यावरून जातो. वर हेच लोक म्हणतात, फुल रेंजला ट्रेबल नाही!

हा वाद माझा नवा नाही. भजनाच्या डबलबारीतल्या स्पीकर बॉक्सवरून तो मागेही झाला होता. दोन बुवा समोरासमोर बसलेले, सवाल-जवाब रंगलेला, आणि दोघांचेही माइक एकाच बाजूच्या बॉक्समध्ये दिलेले. डावीकडचा बुवा गायला लागला की आवाज उजवीकडून. लोक बुवाकडे बघायचे सोडून बॉक्सकडे माना वळवून बसले होते. मी म्हटले, प्रत्येक बुवाचा आवाज निदान त्याच्या बाजूच्या बॉक्सला जास्त द्या. उत्तर मिळाले की मागच्या माणसालाही ऐकू यायला हवे. मागच्या माणसाची काळजी रास्तच आहे. जत्रेच्या माळावर हजार माणसांना आवाज पोचवणे हे कौशल्याचेच काम आहे. पण तो हिशेब जसाच्या तसा बारा फुटी माजघरात आणला की सगळे बिघडते, आणि आमच्या गृहस्थांनी नेमके तेच केले आहे.

कोपऱ्याबद्दल. स्पीकरचा खालचा आवाज मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. शंकूपासून भिंतीपर्यंतचे अंतर एखाद्या स्वराच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढे असेल तर परतलेला आवाज मूळ आवाजाला मारतो. शंकू भिंतीपासून साधारण 62 सेंटिमीटरवर असेल तर मार बसतो 140 हर्ट्झच्या आसपास. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र-मध्याच्या सीमेवरचा षड्ज तिथेच, 139 हर्ट्झला. म्हणजे गवयाचा ‘सा’च खचतो! कोपऱ्यात मागची आणि बाजूची भिंत सारख्याच अंतरावर आली तर दोन्हींचा मार एकाच स्वरावर पडतो. बास वाढतो हे खरे. पण तो सर्वांत खालचा, घुमणारा, पखवाजाचे बोल गिळणारा बास. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी 1946 च्या सुमारास कोपऱ्यासाठीच स्पीकर बनवला, हा दाखला मला दिला गेला. तो घडी घातलेला हॉर्न आहे. कोपऱ्याच्या भिंती हा त्याच्या हॉर्नचाच पुढचा भाग. साधा बॉक्स कोपऱ्यात सरकवून क्लिप्श होत नाही.

घरांबद्दल एवढेच, की मंगलोरी कौलांचे उतरते, उंच छप्पर स्लॅबपेक्षा केव्हाही चांगले. स्लॅब आणि चकचकीत टाइल्स यांच्यामध्ये टाळी वाजवून बघा. ती तडतडत राहते. जुन्या घराला नावे ठेवणाऱ्यांनी आधी आपल्या नव्या हॉलमध्ये टाळी वाजवावी.

मग करायचे काय? फार नाही. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. सात-आठ फुटांची बाजू पुरते. शंकू कानाच्या उंचीला, तोंडे किंचित आत वळवलेली. मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे, आणि बाजूच्या भिंतीपासूनचे अंतर त्याहून वेगळे. पुढे आणल्यावर लहान फुल रेंजचा बास पातळ होतो, हे मान्य. पखवाजाचा घुमारा कमी वाटला तर दोन्ही स्पीकर मिळून चार-चार बोटे मागे सरकवा, एकटा कधीही नाही. समोर एक सतरंजी टाका.

येत्या चतुर्थीला स्पीकर शोकेसवर चढवण्याआधी शिंप्याची टेप घ्या, खुर्चीपासून दोन्ही अंतरे मोजा आणि एखादे जुने मोनो नाट्यपद लावा. गायक मधोमध बसला नाही, तर तो बसेपर्यंत स्पीकर हलवा. त्यानंतर कोणी ‘खंयय ठेवा’ म्हणाले, तर त्यांना त्याच खुर्चीत बसवा.