कुंथलगिरी : दिवसाउजेडी करावयाची वंदना

भूम तालुका म्हटला की व्यापारी मंडळींना प्रथम खवा आठवतो. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि पेढ्यांचा पुडा घेतल्याविना या भागातून परतणारे कुटुंब विरळाच. परंतु त्याच नावाच्या सिद्धक्षेत्राला आपण वेळ किती देतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सोलापूर-धुळे महामार्ग सोडून गाडी आत वळते, दर्शन घाईने आटोपते आणि तासाभरात गाडी पुन्हा महामार्गाला लागते. कारण त्याच दिवशी पुढचे क्षेत्र गाठावयाचे असते.

कुंथलगिरी हा फार उंच डोंगर नव्हे. गिरनारच्या पायऱ्या दहा हजारांच्या घरात जातात. सम्मेदशिखरजीची वंदना चढ-उतार धरून सत्तावीस किलोमीटरची मानतात. नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगीलाही हजारो पायऱ्या आहेत. एवढी चढण उन्हाच्या आत उरकावी म्हणून यात्रेकरू रात्री दोन-तीन वाजता विजेरीच्या उजेडात निघतात. वयोवृद्धांच्या दृष्टीने ती सोय आवश्यकही आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, जितक्या लवकर आणि जितक्या अंधारात निघावे तितकी वंदना श्रेष्ठ, असा समज रूढ होऊ लागला आहे. आचारशास्त्र मात्र निराळे सांगते.

मुनींच्या पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. रहदारीने मळलेल्या वाटेने, सूर्यप्रकाशात, समोरची चार हात जमीन पाहत, एकही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने चालणे, हा तिचा अर्थ. पावसाळ्यात जमिनीवर जीवोत्पत्ती वाढते म्हणून चातुर्मासात साधू विहार थांबवतात, त्यामागेही हाच विचार आहे. श्रावकाला हा नियम मुनींइतका काटेकोर नाही; तरीही ज्यांच्या चरणांना वंदन करण्यासाठी आपण डोंगर चढतो, ते कसे चालत होते, याचे भान चढताना असावयास नको काय? सौराष्ट्रात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या पालिताण्याच्या शत्रुंजयावर यात्रेकरूंनी दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरावे आणि रात्री वर कोणी राहू नये, अशी परंपरा आहे. दिवसाच्या उजेडाला आपल्या यात्रेत असे स्थान पूर्वीपासून आहे.

कुंथलगिरी हे स्थान दिवसाउजेडी पाळता येईल अशा बेताचे आहे. दुपार कलल्यावर निघाले तरी सावकाश चढून, दर्शन घेऊन, सूर्यास्तापूर्वी खाली येऊन भोजन करता येते. बालाघाटाच्या या रांगेत दगड काळा आणि झाडोरा विरळ. पावसाळा सरला की गवत वाळून पिवळे पडते आणि वाटेवरील मुंग्यांची रांग, दगडाच्या कपारीतला किडा, वाळलेल्या पानाखालची हालचाल कलत्या उन्हात स्पष्ट दिसते. मुलांना अहिंसेचा पाठ देण्यासाठी याहून सोपी शाळा मिळणे कठीण. ‘पळू नकोस’ असे दहा वेळा बजावण्यापेक्षा ‘चार हात पुढे बघ आणि काय काय दिसते ते सांग’ असे म्हटले की मूल आपोआप सावकाश चालू लागते.

या क्षेत्राची कथाही या विचाराशी जुळणारी आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे दोघे राजपुत्र बालपणापासून विद्याभ्यासात मग्न होते. विद्या संपवून नगरात परतताना गवाक्षातील एका कन्येवर दोघांचेही मन गेले. ती आपलीच धाकटी बहीण, हे कळताच दोघांना विलक्षण पश्चात्ताप झाला आणि त्यांनी दीक्षा घेतली. पाहणे आणि नीट जाणून पाहणे यांतील अंतर त्यांना तेथे कळले. पुढे ध्यानस्थ असता त्यांच्यावर घोर उपसर्ग झाला. राम, लक्ष्मण आणि सीता यांनी डोंगरावर जाऊन तो दूर केल्याची कथा रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात येते. हे दोन्ही मुनी कुंथलगिरीवरून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे आणि त्यांच्या चरणपादुकांचे दर्शन येथे घडते.

अलीकडच्या काळातील चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही येथेच झाली. त्यांची दृष्टी क्षीण होत चालली होती. समोरची जमीन दिसत नसेल तर ईर्यासमिती पाळणार कशी, आणि ती पाळली जात नसेल तर मुनिधर्म निर्दोष राहणार कसा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी सल्लेखना स्वीकारली. ८ सप्टेंबर रोजी मराठीतून अखेरचा उपदेश केला. भिऊ नका, संयम धारण करा, हे त्याचे सार होते. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबर रोजी, त्यांनी देह ठेवला. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन दिसली पाहिजे, या एका नियमाचे मोल एका महापुरुषाने येथे केवढे मानले, हे लक्षात घेतले तर विजेरी हाती घेऊन धावत डोंगर चढण्यातील उणीव निराळी सांगावी लागत नाही.

दुपारच्या वंदनेला अर्थातच मर्यादा आहेत. मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो. चैत्र-वैशाखात दुपारी चढण्याचा विचारही करू नये. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ योग्य. तीनच्या सुमारास निघावे. डिसेंबरात सहाच्या आसपास दिवस मावळतो, हे ध्यानात ठेवून उतरण्याची वेळ आधीच ठरवावी. सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ आहे. तप शक्तीनुसार करावयाचे; शक्ती लपवू नये, तशी ओलांडूही नये. घरातील आजींचा उपवास असेल, आजोबांना मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ‘एवढासा डोंगर’ म्हणून त्यांना ओढत नेणे हे तप नव्हे. त्यांना चालवेल तेवढे चालू द्यावे, जागोजागी बसू द्यावे आणि घरातील एकाने शेवटपर्यंत त्यांच्या सोबत राहावे. गिरनारला २०२० पासून अंबाजीच्या टुंकापर्यंत रज्जुमार्ग झाला आहे, शिखरजीला डोली मिळते. अशा सोयींचा आधार घेण्यात वृद्धांना कमीपणा वाटू नये, याची काळजी तरुणांनी घ्यावयाची आहे.

पुढील यात्रेचे वेळापत्रक आखताना कुंथलगिरीला दोन क्षेत्रांच्या मधला एक तास न देता एक पूर्ण दुपार द्यावी. वरून येऊन दिवस असतानाच भोजन करावे, रात्री धर्मशाळेत विसावा घ्यावा. खवा आणि पेढे दुसऱ्या दिवशी सकाळी घेता येतील. ते ताजेही मिळतील.