फाशाचं स्क्रिप्ट कुणी लिहायचं?

एक सांगा, मॅचचा निकाल आधीच लिहून ठेवलाय असं कळलं, तर तुम्ही ती बघाल? नाही ना! मग ज्या खेळाची सगळी मजाच 'पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नाही' यात आहे, त्याची टीव्ही सिरीज काढायची तरी कशी? स्क्रिप्ट म्हटलं की सगळं आधी ठरलेलं. आणि फासा तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मी बोलतेय टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम्सबद्दल. ज्यांच्या कानावरून हे नावच गेलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर. तो दुनिया उभी करतो, राक्षस सोडतो, संकटं आणतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. 'मी भिंतीवरून उडी मारते' असं म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस आले तर टाळ्या, एक आला तर धप्पकन खाली! म्हणाल तर मोठ्यांची भातुकली, फक्त नियमांच्या जाडजूड पुस्तकासकट. या सगळ्यांचा आजोबा म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्याच एपिसोडमध्ये ती चार पोरं तळघरात बसून जे खेळतात ना, तेच हे.

टीव्हीवाल्यांनी आधी सरळ ते नियमांचं पुस्तकच उचललं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएसवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं कार्टून आलं. सहा मुलं जत्रेतल्या एका राइडमध्ये बसतात ती थेट त्या जादुई दुनियेत जाऊन पडतात. प्रत्येकाला पुस्तकातली एकेक भूमिका वाटून दिलेली. पोरांनी आवडीनं बघितलं, पण २७ एपिसोड्सनंतर १९८५ मध्ये दुकान बंद. शेवटच्या भागाचं स्क्रिप्ट तयार होतं, ते कधी बनलंच नाही. बिचारी मुलं अजून तिथेच अडकलीत!

मग आला 'व्हॅम्पायर : द मास्करेड'. १९९१ चा हा गेम म्हणजे काळे कपडे, रक्तपिपासूंची घराणी आणि त्यांचं राजकारण. १९९६ मध्ये फॉक्स चॅनलनं त्यावरून 'किंड्रेड : द एम्ब्रेस्ड' काढली. निर्माता कोण, तर 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०'वाला आरन स्पेलिंग. ८ एपिसोड्समध्ये खेळ खल्लास.

माझं म्हणणं असं, की पुस्तकात गोष्ट नसतेच मुळी. त्यात असतं सामान. मसाल्याचा डबा पुढे सरकवून कुणी 'जेवा' म्हणत नाही! गोष्ट शिजते ती टेबलावर, खेळणाऱ्यांच्या भांडणात आणि फाशाच्या लहरीत.

हे जपान्यांनी फार आधी ओळखलं. १९८६ मध्ये तिथल्या 'कॉम्प्टिक' मासिकात एका ग्रुपच्या खेळाचा चक्क वृत्तांत छापून यायला लागला. कोण काय बोललं, फासा काय पडला, सगळं. गेम मास्टर होता र्‍यो मिझुनो. पुढे त्यानं त्यावरून कादंबऱ्या लिहिल्या आणि १९९० मध्ये 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' हा १३ भागांचा ॲनिमे आला. त्यातली सुंदर एल्फ डीडलिट टेबलावर खेळत होता एक बाप्या लेखक!

लॉस एंजेलिसच्या 'क्रिटिकल रोल'वाल्यांचंही तेच. हे सगळे कार्टून आणि व्हिडिओ गेम्सना आवाज देणारे दोस्त. २०१२ मध्ये एकाच्या वाढदिवसाला घरी खेळायला बसले, २०१५ पासून तोच खेळ इंटरनेटवर लाइव्ह दाखवायला लागले. पहिली मोहीम ११५ एपिसोड्स चालली, एकेक एपिसोड तीन-चार तासांचा! २०१९ मध्ये त्यांनी २२ मिनिटांच्या ॲनिमेशनसाठी लोकांकडे साडेसात लाख डॉलर्स मागितले. जमले १ कोटी १३ लाखांहून जास्त. त्यातून २०२२ मध्ये ॲमेझॉनवर 'द लेजंड ऑफ व्हॉक्स मशिना' आली. ढीगभर तासांची काटछाट झाली, पण पात्रं तीच, आवाज तेच आणि आपसातली टिंगलटवाळीही तीच. लोकांनी पैसे दिले होते ते नियमांसाठी नाही, या दोस्तांसाठी.

पण माझा लाडका किस्सा 'द एक्स्पान्स'चा. अंतराळातली ही गोष्ट कादंबरी व्हायच्या आधी टाय फ्रँक मित्रांना गेम म्हणून खेळवायचा. त्यातल्या एकाला खेळ मध्येच सोडावा लागला. मग त्याचं पात्र, म्हणजे जहाजावरचा शेड, मारून टाकलं. पुढे ते मरण जसंच्या तसं कादंबरीत आलं आणि तिथून सिरीजमध्येही. पहिल्याच सीझनमध्ये शेड बोलता बोलता जातो. ना म्युझिक, ना निरोपाचं भाषण. बघणारा हादरतो. कुठला लेखक ठरवून असं लिहायला धजला असता?

हे मला जरा जास्तच लागतं, कारण आमच्या कोथरूडच्या शनिवारच्या ग्रुपमधूनही एक जण गेल्या वर्षी ऑनसाइटला गेला. जर्मनी, दोन वर्षं. त्याचा बुटका योद्धा आम्ही मारला नाही. तो आठ महिने एका पुलावर पहारा देत उभा आहे. दर शनिवारी कुणीतरी विचारतं, 'त्याला जेवण पोचवलं का रे?' तिकडे ग्रुपमधल्या दुसरीचं लग्न ठरतंय, तिसऱ्याची नाइट शिफ्ट सुरू झालीय. आमची गोष्ट शेवटापर्यंत पोचेल की त्या कार्टूनसारखी अर्धीच लटकेल, देव जाणे. पण तो पुलावरचा पहारेकरी कुठल्याही नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही.

तेव्हा उद्या आपल्याकडे कुणी प्रोड्युसर अशी सिरीज काढायला निघालाच, तर साहेब, हक्क गेमचे घ्या, पण गोष्ट एखाद्या टेबलावरून उचला. आणि खेळणाऱ्या मंडळींनो, पुढच्या वेळी एकानं शंभर पानी वही घेऊन बसा. कोण काय बोललं, कुणाचा एक पडला, कोण मध्येच उठून गेलं, सगळं टिपून ठेवा. सिरीज निघो न निघो, वही तर राहील!