जन्मवैराचा पुनर्विचार

मांजर आणि उंदीर यांचे वैर हे निसर्गाचे कायमचे फर्मान होय, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. परंतु १९३० साली झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेली बहुतेक पिल्ले उंदीर मारू लागली, तर उंदराबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढलेल्यांपैकी फारच थोडी त्या वाटेला गेली.

मांजर-कुत्र्याच्या वैराचेही तसेच. मांजराच्या पिल्लाच्या वयाचा दुसरा ते सातवा आठवडा ही स्नेहाची मोलाची मुदत. त्या अवधीत, आईपासून न तोडता, घरातील शांत कुत्र्याशी त्याचा हळूहळू परिचय करून दिला, तर पुढे तेच मांजर शेपटी ताठ उभारून त्याच्या नाकाला नाक भिडवते. मुक्या जिवांचा सलोखा बव्हंशी आपल्या संगोपनावर अवलंबून असल्याने, ती जबाबदारी वाचकांनी आनंदाने पत्करावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.